शुभाताईचा निळा गुलाब

तो निळा गुलाब शुभाताईच्या हातामुळे गेला नाही. तो मी तुडवला. हे वाक्य मी आजवर कुणापुढेही उच्चारलेलं नाही. आईपुढे नाही, बायकोपुढे नाही, आणि जिच्यापुढे सगळ्यात आधी उच्चारायला हवं होतं त्या शुभाताईपुढे तर नाहीच. गुलाब खरा नव्हता. हातात मावणाऱ्या एका खेळाच्या यंत्रातला, तळहाताहून लहान पडद्यावरचा गुलाब होता तो. वाचणाऱ्याला वाटेल, एवढ्याशा गोष्टीचं एवढं काय. मलाही पुष्कळ वर्षं तसंच वाटून घ्यायचं होतं.

आम्ही तेव्हा डोंबिवली पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर राहायचो. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि एक गॅलरी. बाबा ठाण्याला नोकरीला. सकाळी त्यांच्या डब्यासाठी कुकरच्या शिट्ट्या सुरू व्हायच्या, तेवढ्यात खाली पाण्याचा पंप घरघरायला लागायचा, आणि आई एका हाताने पोळी उलटत दुसऱ्या हाताने नळाखालची बादली सरकवायची. देव स्वयंपाकघरातच होते, फ्रिजच्या शेजारी भिंतीला ठोकलेल्या लाकडी देव्हाऱ्यात. त्यामुळे आईचं सोवळंओवळं सगळं त्या एका खोलीभोवती फिरायचं. ती कर्मठ नव्हती. कुणाच्या घरचं काहीही खायची, उपासाला चहाबरोबर बिस्किटं चालवून घ्यायची. पण काही गोष्टी तिला तिच्या आईने घालून दिलेल्या होत्या आणि त्यांचं कारण तिने कधी विचारलं नव्हतं. नवीन आणलेलं पहिलं काहीही आधी देवापुढे ठेवायचं, ही त्यातली एक. पहिला आंबा, नवा कुकर, माझं दहावीचं मार्कशीट, सगळ्याला देवापुढे हळदकुंकू लागलेलं आहे. आणि दुसरी म्हणजे, पाळीचे चार दिवस बाजूला बसायचं. स्वयंपाकघरात यायचं नाही, फुलांना हात लावायचा नाही, झाडांना पाणी घालायचं नाही.

शुभाताई माझी चुलत बहीण, मोठ्या काकांची मुलगी. गुहागरच्या अलीकडच्या आमच्या गावाजवळ पुढचं कॉलेज नव्हतं, म्हणून बीएस्सीला ती आमच्याकडे आली. येताना एक पत्र्याची ट्रंक, कुळथाची पिशवी आणि आमसुलांची बरणी घेऊन आली. मी अकरावीत होतो. तिची ट्रंक माझ्या कॉटखाली गेली आणि तिची गादी रात्री बाहेरच्या खोलीत पसरली जायची, सकाळी गुंडाळून कपाटावर जायची. त्या घरात तिची म्हणून म्हणावी अशी जागा एवढीच. कुणी तिला वाईट वागवलं असं मुळीच नाही. आई तिला स्वतःच्या ताटातली फोड काढून द्यायची. पण भांडी तीच घासायची, पाणी तीच भरायची, आणि टीव्हीवर काय लावायचं हे तिला कुणी विचारायचं नाही, मी तर नाहीच. ती तक्रार करायची नाही. कुळथाची पिठी करताना आई म्हणायची, "शुभे, तूच घाल गं फोडणी, तुझ्या हातची गावची चव येते," तेव्हा तिचा चेहरा एकदम मोकळा व्हायचा. एरवी ती पाहुण्यासारखी हसायची. हे मला आत्ता लिहिताना दिसतंय. तेव्हा दिसलं नव्हतं.

ते यंत्र मामाने आखातातून आणलेलं. माझ्यासाठी. त्यात एकच खेळ होता. मारामारी नाही, गाड्या नाहीत. एक लहानसं गाव, त्यात आपण राहायचं, मासे पकडायचे, झाडं लावायची, शेजारी राहणाऱ्या प्राण्यांशी गप्पा मारायच्या. आपल्या घड्याळात सकाळ झाली की त्या गावातही सकाळ व्हायची. एका यंत्रात एकच गाव, पण त्यात घरचे तिघंचौघं राहू शकायचे. मी चारपाच दिवसांत कंटाळलो आणि एका दुपारी, लाईट गेलेली असताना, शुभाताईला म्हटलं, "घे, तू पण राहा." तिने स्वतःचं नाव घातलं. तिला तिथे एक पलंग मिळाला, कपाट मिळालं. ती मला म्हणाली, "हे माझंच ना? गुंडाळून ठेवायला नाही ना लागणार?" मला ते फार विनोदी वाटलं. मी जाऊन आईलाही सांगितलं. आई हसली नाही.

फुलांचं तिनेच शोधून काढलं. दुकानात लाल, पांढरे, पिवळे गुलाब मिळायचे. वेगळ्या रंगाचे दोन शेजारी लावले, रोज पाणी घातलं, की एखाद्या सकाळी मधल्या मोकळ्या जागेत तिसऱ्याच रंगाचं फूल उगवायचं. लाल-पांढऱ्यातून गुलाबी, लाल-पिवळ्यातून नारिंगी. दोन लाल शेजारी असले तर कधीतरी काळा. रोज यायचं असं नाही, आठवडा आठवडा काही यायचं नाही. पाणी चुकलं तर झाड मान टाकायचं, आणि दुसऱ्या दिवशीही चुकलं तर जायचं. शुभाताई भांडी आवरून, हात पुसून यंत्र उघडायची आणि तिचा चेहरा पडद्याच्या उजेडात असा काही एकाग्र व्हायचा, की आई म्हणायची, "अभ्यासाला बसल्यासारखी बसते बघा पोर." मी मात्र त्या गावातून पळायचो. एक बटण दाबून धरलं की आपला माणूस धावायचा, आणि धावताना फुलावर पाय पडला की पाकळ्या उधळून फूल संपायचं. शुभाताई माझ्या खांद्यावरून बघत बसायची आणि ओरडायची, "अरे मंद्या, चाल ना! चाल! कुठे गाडी सुटतेय तुझी?" मी मुद्दाम तिच्या वाफ्याच्या कडेकडेने धावायचो. ती डोळे मिटून घ्यायची. "झालं? गेलं काय रे?" "नाही गं, आहे तुझं सौंदर्य." असं आमचं चालायचं. त्यात वाईट काही नव्हतं, अजून.

मग जांभळा गुलाब आला. दोन पांढऱ्यांच्या मधे, रविवारी सकाळी. आई घावणे घालत होती. शुभाताई यंत्र घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली आणि म्हणाली, "काकू, बघा ना, हा दुकानात मिळतच नाही. हा आपल्याकडेच झाला." आईने गॅस बारीक केला, ओले हात पदराला पुसले आणि वाकून बघितलं. तिला फारसं दिसलं नसणार. चष्मा बाहेर होता. पण ती गंभीरपणे म्हणाली, "पहिलंच आहे ना? मग आधी देवाला दाखव." बाबा बाहेरून म्हणाले, "अगं, बॅटरीवरचं आहे ते!" "असू दे. फूल आहे ना? एवढी खपलीये पोर त्याच्यामागे." आणि आईने ते यंत्र उघडून देव्हाऱ्यात ठेवलं, बालाजीच्या तसबिरीला टेकवून, आणि झाकणावर कुंकवाचं बोट ओढलं. शुभाताईने नमस्कार केला. मी हसू दाबत उभा होतो. देव्हाऱ्यातून त्या खेळाची टुणटुण वाजत होती आणि तव्यावर घावणं करपत होतं.

मला त्या दिवसाची अजून गंमत वाटते, आणि लगेच ती जाते. कारण पुढचं सगळं मी त्याच कुंकवाच्या बोटातून काढलं.

शुभाताई बाजूला बसायची तेव्हा गॅलरीत चटई टाकून बसायची. ताट-वाटी वेगळी. भांडी नाहीत, पाणी भरणं नाही. तिला ते दिवस आवडायचे, ती मला म्हणालीही होती, "सुट्टी रे, दुसरं काय." त्या दिवसांत यंत्र दिवसभर तिच्याकडे असायचं. मी एकदा कुरकुर केली की ती हात लावते, मग मी कसा घेऊ, तर आईने तिथल्या तिथे निवाडा केला होता, "प्लॅस्टिकला काही होत नाही. सुती कपड्याला होतं. खेळू दे तिला, एरवी कुठे बसायला मिळतंय." तर दर महिन्याला चार दिवस ते यंत्र तिचं. माझं यंत्र, माझ्या मामाने आणलेलं. आणि एव्हाना त्या गावात माझी काही किंमत उरली नव्हती. बाबा ऑफिसातून आले की मला नाही, तिला विचारायचे, "काय शुभा, आज कोणता रंग?" तिने त्यांना समजावलेलं, काळा आणि जांभळा शेजारी ठेवला तर निळा येऊ शकतो, आणि निळा सगळ्यात अवघड. बाबा म्हणायचे, "खऱ्या बागेतसुद्धा होत नाही म्हणतात निळा गुलाब. हिच्या हाताला गुण आहे. नाहीतर आमचे चिरंजीव. एक मनी प्लांट टिकला नाही ह्याच्याकडे."

पुढच्या वेळी ती बाजूला बसली, तेव्हा मी सकाळी आईजवळ गेलो. अगदी साळसूदपणे. म्हटलं, "आई, ती फुलं आता देवाची ना? देवाला दाखवलेली. मग ताई आत्ता त्यांना पाणी कसं घालते?" आई फोडणीत मोहरी टाकत होती. तिने टाकली, तडतडू दिली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "अरे, खेळातलं आहे ते." मी म्हटलं, "खेळातलं आहे तर देवापुढे का ठेवलंस?" ती प्रामाणिक बाई. स्वतः ठरवलेलं स्वतःला सोयीचं नाही म्हणून मोडायचं, हे तिला जमायचं नाही. ती गॅलरीच्या दारापर्यंत गेली आणि चोरट्यासारखी म्हणाली, "शुभा, बाळा, चार दिवस हा घालेल पाणी त्या फुलांना. तू नको हात लावूस. मला आपलं... बरं नाही वाटत." शुभाताईने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी हात पुढे केला होता. यंत्र देताना ती एवढंच म्हणाली, "काळ्या-जांभळ्याच्या मधली जागा मोकळी ठेव. आणि चाल रे. प्लीज."

पहिले दोन दिवस मी पाणी घातलं. चाललो सुद्धा. दुसऱ्या दिवशी दुपारी लोडशेडिंग होतं, आई खाली भाजीवाल्याकडे गेली होती, आणि मी कॉलेजातून आलो तर शुभाताई गॅलरीच्या उंबऱ्याशी यंत्र उघडून बसलेली. मला बघून तिने ते इतक्या घाईने मिटलं की जसं काही चोरलंच होतं. "फक्त बघितलं. एकालाच थोडं पाणी घातलं, कोपऱ्यातलं तू विसरलेलास. काकूंना सांगू नको हं, मंदार." मंद्या नाही म्हणाली. मंदार म्हणाली. मी म्हटलं, "नाही सांगत."

तिसऱ्या दिवशी सकाळी निळा आला. मी खरोखर आनंदाने ओरडलो, "निळा! ताई, निळा आला!" ते ओरडणं खरं होतं, ह्याबद्दल माझी खात्री आहे. आई पिठाच्या हातांनी आली, बाबा दाढीचा साबण तसाच ठेवून आले. शुभाताई गॅलरीच्या दारात उभी राहिली, हात पाठीमागे धरून, चुकूनही लागू नये म्हणून. मी यंत्र तिच्यासमोर धरलं. तिने गाल फुगवून श्वास सोडला आणि मग ती हसली, आणि ते हसणं पाहुण्याचं नव्हतं. आई म्हणाली, "उद्या शेवटचा दिवस. परवा न्हालीस की आपण देवाला दाखवू, मी खीर करते." बाबा म्हणाले, "गावाला फोन करतो दादाला. सांगतो, तुझ्या मुलीने निळा गुलाब काढला." आणि त्यांनी खरंच फोन केला. तिकडे काकांना काय कळलं असेल देव जाणे, पण बाबा मोठ्याने बोलत होते, "अरे हुशार आहे पोर. आमच्या घराला शोभा आहे तिची." मी माझा डबा उचलला आणि दप्तरात भरला. माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

दुपारी परत आलो. आई झोपली होती. शुभाताई गॅलरीत पुस्तक उपडं ठेवून भिंतीला डोकं टेकून डोळे मिटून बसलेली. मी यंत्र उघडलं. पुढचं मी मनात अनेक प्रकारे सांगून बघितलंय. घाईत होतो. माशामागे पळत होतो. लक्ष नव्हतं. ह्यातलं काहीही खरं नाही. मला फूल दिसत होतं. मी धावायचं बटण दाबून धरलं आणि सरळ त्याच्यावरून गेलो. पाकळ्या उडाल्या, निळ्या, आणि विरल्या. त्या खेळात एक सोय होती. काही चुकलं तर झालेला खेळ जपून न ठेवता, म्हणजे सेव्ह न करता, यंत्र सरळ बंद करायचं, परत चालू केलं की सगळं आधीसारखं. एक चिडका प्राणी येऊन दरडावायचा, एवढंच. फूल परत आलं असतं. मला हे चांगलं माहीत होतं, मी माशांसाठी कितीदा केलेलं. मी थोडा वेळ यंत्र हातात धरून बसलो. पंख्याचा आवाज येत होता. मग मी जपून ठेवलं आणि बंद केलं.

न्हाऊन, ओल्या केसांना पंचा गुंडाळून शुभाताई आली आणि तिने यंत्र उघडलं. स्वयंपाकघरात दूध आटत होतं, वेलचीचा वास सुटला होता. ती बराच वेळ एकाच जागी बघत राहिली. "मंदार, निळा कुठाय?" मी म्हटलं, "असेल की." "नाहीये." आई आली. "काय झालं गं?" मी काहीच बोललो नसतो तरी चाललं असतं. खेळात फुलं अशीच जातात, म्हणालो असतो तरी चाललं असतं. पण आईने माझ्याकडे बघितलं, "तू नीट घातलंस ना रे पाणी?" आणि मी म्हटलं, "मी घातलं. तिनेच त्या दिवशी हात लावलेला. मी पाहिलंय. लावलास ना ताई? पाणी घातलंस ना?"

आई ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "अगं, एवढं सांगितलेलं मी," आणि दूध उतू जाईल म्हणून आत गेली. शुभाताई हाताकडे बघत उभी होती, दोन्ही तळवे वर करून, नुकत्याच धुतलेल्या हाताकडे बघतात तसं. बीएस्सीला बॉटनी घेतलेली मुलगी होती ती. मला वाटलं, आता म्हणेल, काहीतरीच काय. ती म्हणाली, "थोडंसंच घातलेलं रे. कोपऱ्यातल्याला." मग यंत्र मिटून माझ्या कॉटवर ठेवलं. खीर झाली, सगळ्यांनी खाल्ली. तिनेही खाल्ली. त्यानंतर ती त्या गावात गेली नाही. मी म्हणायचो, घे ना, तर म्हणायची, "अभ्यास आहे." तिची फुलं एकेक करून गेली आणि तिच्या घरासमोर गवत माजलं. शेजारचे प्राणी मला विचारायचे, शुभा कुठे असते हल्ली. मी तो खेळ विकून टाकला, असं आईला सांगितलं. विकला नव्हता. फेकला होता.

तिची परीक्षा झाली, ती गेली, नोकरीला लागली, लग्न झालं. आता ती ठाण्यात असते, खोपटला डेपोच्या मागे. गेल्या महिन्यात कामासाठी ठाण्याला गेलेलो, तर तिच्याकडे डोकावलो. गॅलरीभर कुंड्या. गुलाब, शेवंती, जास्वंदीची कलमं तिने स्वतः बांधलेली. ती झारी घेऊन पाणी घालत होती आणि तिची मुलगी रेवा, आठवीतली, दाराच्या आत स्टुलावर बसून बघत होती. मी म्हटलं, "काय गं, आईला मदत नाही करत?" रेवा फणकारली, "मला अलाऊडच नाहीये, मामा. पिरियड्स आहेत. आई म्हणते झाडं मरतात." शुभाताई हसत म्हणाली, "बाकी मी काही म्हणजे काही पाळत नाही रे. ती स्वयंपाकघरात येते, देवापुढे दिवा लावते. सासूबाईंशी भांडून बंद केलंय मी सगळं. फक्त झाडं नाही. तुला तर माहितीये."

"गेममधलं फूल होतं ते!" रेवा म्हणाली. "मामा, तू तरी सांग ना हिला. गेममधल्या फुलाला काय कळतंय? तू होतास ना तिथे?"

दोघी माझ्याकडे बघत होत्या. शुभाताईच्या हातात झारी होती आणि तिच्या चेहऱ्यावर थोडीशी आशा होती, हे मला दिसलं. कुणीतरी तिला खोटं पाडावं अशी. मी चहाचा कप तोंडाला लावला. म्हटलं, "आईचं ऐकावं गं." रेवाने खांदे उडवले आणि फोन उघडला. शुभाताई वळून उरलेल्या कुंड्यांना पाणी घालू लागली. मी निघालो तेव्हा तिने मला गुलाबाचं एक कलम दिलं, ओल्या गोणपाटात बांधून, आणि मी ते घेतलं.

मी हे प्रकरण लिहिलंय, पण लिहिणं म्हणजे सांगणं नव्हे. ती हे वाचेल की नाही ठाऊक नाही, आणि तिने ते असं छापलेलं वाचावं ह्यात पुन्हा माझीच सोय आहे. खोपटच्या त्या घरात, रेवा समोर बसलेली असताना, फूल मी तुडवलं, तुझ्या हाताने काही गेलं नाही, एवढं मी शुभाताईला तोंडाने सांगायला हवं. ते अजून सांगितलेलं नाही.